रेंज गेल्यानंतरची तयारी: नाशिकच्या डोंगरांत नव्याने जाणाऱ्यांसाठी

पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी मला असा एक तरी फोन येतो. "दादा, मावसभाऊ अमेरिकेहून येतोय. ते नारंगी रंगाचं सॅटेलाइट यंत्र मागवू का? अलंग-मदनच्या गडांवर जायचंय, तिकडे रेंज नसते म्हणतात." मी विचारतो, "पायथ्याच्या आंबेवाडीत कुणाचा नंबर घेतलास? घरी कुणाला वाट सांगितलीस?" यावर पलीकडून बहुतेक वेळा "अं..." एवढंच ऐकू येतं. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. ज्या क्रमाने तयारी करायची, त्याच क्रमाने.

आधी, काय आणायचं नाही

ते नारंगी यंत्र म्हणजे बहुधा गार्मिन कंपनीचं इनरीच, उपग्रहामार्फत मेसेज पाठवणारं. ते इरिडियम या उपग्रहांच्या जाळ्यावर चालतं. आपल्याकडे इरिडियम आणि थुराया (हेही असंच एक जाळं) यांची उपकरणं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, मग वापरणं तर दूरच. २००८च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्यांनी सॅटेलाइट फोन वापरले होते. तेव्हापासून या बाबतीत कुणी हयगय करत नाही. परदेशातून आलेल्या पर्यटकांना बॅगेत असं यंत्र सापडलं म्हणून गोवा आणि दिल्लीच्या विमानतळांवर अडवल्याच्या बातम्या २०२४-२५मध्ये येऊन गेल्या. त्या बिचाऱ्यांना हा गुन्हा आहे हेच माहीत नव्हतं. कायदेशीर सॅटेलाइट फोन मिळतो तो बीएसएनएलमार्फत, इन्मारसॅटच्या जाळ्यावरचा आणि दूरसंचार विभागाच्या परवानगीने. रविवारच्या ट्रेकसाठी एवढी खटपट कुणी करत नाही. मावसभावाला चॉकलेटं आणायला सांगा.

दुसरा प्रश्न हमखास आयफोनचा. आयफोन १४पासून उपग्रहामार्फत आणीबाणीचा संदेश पाठवायची सोय आली हे खरं, पण ती ठरावीक देशांतच चालते आणि त्यांत भारत नाही. फोन लाखाचा असला तरी हरिहर किल्ल्याच्या मागच्या जंगलात त्याची किंमत टॉर्चइतकीच.

तिसरी गोष्ट बीकनची. ४०६ मेगाहर्ट्झवर संकटाचा संकेत पाठवणारी ही डबी. कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे उपग्रह तो संकेत पकडतात. भारतही या व्यवस्थेत आहे आणि आपलं केंद्र बंगळुरूला इस्रोच्या इस्ट्रॅक या उपग्रहांशी संपर्क ठेवणाऱ्या शाखेत आहे. व्यवस्था उत्तम आहे, पण ती मुख्यतः जहाजं आणि विमानांच्या कामाची, आणि बीकनची रीतसर नोंदणी लागते. नोंदणी नसलेली डबी कुणी ऑनलाइन विकत असेल तर घेऊ नका. बटण दाबल्यावर हे यंत्र कोणाचं आणि घरी फोन कुठे करायचा, हेच तिकडच्या माणसाला कळणार नाही.

मग उरलं काय? एक चिठ्ठी, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, कोरडा पॉवर बँक, जमल्यास वॉकीटॉकीची जोडी, आणि शिट्टी. नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरांना एवढं पुरतं. कारण इथे हिमालयासारखे चार-चार दिवस माणूस दिसत नाही असं नसतं. बहुतेक गडांच्या पायथ्याला गाव असतं, आणि काही झालं तर सगळ्यात आधी धावून येतात ती त्या गावातली माणसं.

पहिली पायरी: चिठ्ठी

निघायच्या आदल्या रात्री एका कागदावर लिहा आणि त्याचा फोटो मागे राहणाऱ्या एका माणसाला पाठवा. धोडप किल्ल्यावर जातानाची माझी मागच्या वर्षीची एक चिठ्ठी जशीच्या तशी देतो, फक्त नावं काढून:

"शनिवार. सकाळी ६ला नाशिकहून निघणार, दोन मोटारसायकली, चौघे. धोडप. हट्टी गावातून वर, त्याच वाटेने खाली, दुसरीकडे उतरणार नाही. गाड्या हट्टीत शाळेसमोर. दुपारी ४पर्यंत गावात परत. ७पर्यंत माझा फोन नाही आला तर हट्टीतल्या भाऊंना फोन कर (नंबर खाली). ९पर्यंत काहीच कळलं नाही तर ११२ला फोन करून हीच चिठ्ठी वाचून दाखव. आमच्यात एकाला दमा आहे."

यातलं "दुसरीकडे उतरणार नाही" हे वाक्य फार मोलाचं. शोधणाऱ्यांना डोंगराची एकच बाजू पाहावी लागते. वाट बदलावी लागली तर रेंज असेपर्यंत तसा मेसेज टाका, नाहीतर चिठ्ठीचाच घोळ होतो.

चिठ्ठी कोणाला द्यायची? आईला नको. तिचा जीव ४ वाजून ५ मिनिटांनी खालीवर व्हायला लागतो आणि ती सगळ्या नातेवाइकांना फोन लावून मोकळी होते. थंड डोक्याचा मित्र, शेजारी, ऑफिसातला कुणी, ज्याला "७ म्हणजे ७" एवढं कळतं, असा माणूस निवडा. आणि त्याला आधी विचारा. नुसता फॉरवर्ड करून टाकला तर तो वाचतही नाही.

दुसरी पायरी: पायथ्याचं गाव

गावात उतरलात की तडक वाटेला लागू नका. चहा घ्या. संध्याकाळच्या पिठलं-भाकरीची ऑर्डर तिथेच देऊन ठेवा, आणि त्या घरातल्या माणसाचा नंबर घ्या. भाकरी सांगितलेली माणसं वेळेवर आली नाहीत, तर ते घर आपोआप चौकशी करतं. असा पहारेकरी कुठल्या यंत्रात मिळणार? किती जण वर चाललोय ते आकड्यात सांगा. वनखात्याचा नाका किंवा गावच्या समितीची पावती असेल तर पावती फाडून वहीत नाव लिहा. टाळू नका.

आणि एक विचारून घ्या: "वर रेंज कुठे येते?" गुराख्यांना हे अचूक माहीत असतं. "खिंडीतल्या मोठ्या दगडावर येते, पण पाठ तळ्याकडे करून उभं राहा" इतकं तंतोतंत उत्तर मला एकदा मिळालं आहे. आणि खरंच आली.

तिसरी पायरी: फोन

सह्याद्रीत रेंज जाते ती उंचीमुळे नव्हे, आडोशामुळे. उघड्या माथ्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवरचा टॉवरही फोन पकडतो, आणि घळीत शिरलं की डोक्यावरच्या वस्तीचा टॉवरही मुका होतो. त्यामुळे मदत मागायची तर घळीतून खाली धावण्यापेक्षा जवळच्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या उघड्या कण्यावर, किंवा खिंडीत चढणं बहुतेक वेळा फायद्याचं.

गटात किमान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं हवीत. चौघांनी एकाच प्लॅनवर पैसे वाचवले असतील तर डोंगरात चौघांचेही फोन एकदमच आंधळे होतात. घरात जुना कीपॅड फोन पडला असेल तर तो चार्ज करून, बंद करून, बॅगेच्या तळाशी ठेवा. त्याची बॅटरी टिकते आणि तो पडला तरी फुटत नाही.

फोनवर "फक्त आणीबाणीचे कॉल" असं दिसत असेल तर हताश होऊ नका. तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी ११२ लागतो. देशभर हाच एक नंबर आहे आणि महाराष्ट्रात पोलिसांचा प्रतिसाद त्याच्यावरच मिळतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच, पण ती येणार डांबरी संपते तिथपर्यंत. तिथून वर बांबू-घोंगडीची झोळी आणि खांदे.

सीमेवरच्या डोंगरांवर एक खोच आहे. साल्हेर बागलाण तालुक्यात, पण गुजरातचा डांग तिथून हाकेवर. माथ्यावर फोन गुजरातच्या टॉवरला चिकटला तर ११२चा कॉलही तिकडच्या कक्षात जाऊ शकतो. म्हणून पहिलं वाक्य हेच: "मी महाराष्ट्रातून बोलतोय, नाशिक जिल्हा, बागलाण तालुका, साल्हेर किल्ला." जुलै २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून साल्हेर पाहायला नवखी मंडळी येऊ लागली आहेत, त्यांनी हे जरूर पाठ करावं. इगतपुरीकडेही असंच. कळसूबाईच्या रांगेत एक पाय नाशिक जिल्ह्यात आणि दुसरा अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगरमध्ये असतो. तालुका चुकला की तासभर गेलाच म्हणून समजा.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. रेंज शोधताना फोन सगळ्यात जास्त खातो. म्हणून चढताना विमान मोड. जीपीएस त्यातही चालतं, कारण ते फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. नकाशा मात्र घरीच उतरवून घ्या. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड या ॲपमध्ये पायवाटाही दिसतात. पॉवर बँकवर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष हाती साधारण सहा-साडेसहा हजार पडतात, बाकीचे व्होल्टेज बदलण्यात जातात.

आता माझी फजिती. जुलै महिना, धोडपहून उतरताना एका मित्राचा पाय मुरगळला. मुरगळला कसला, बघता बघता घोटा नारळाएवढा. धुकं, पाऊस, माझ्या फोनमध्ये चार टक्के. पॉवर बँक भरलेला होता, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, केबल खुपसली, आणि पडद्यावर पिवळा त्रिकोण: चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आहे. फोन वीज घेईचना. शर्टाने पुसलं, फुंकर मारली, वाट पाहिली. शर्टच ओला, पुसून काय होणार! शेवटी दुसऱ्याच्या फोनवरून, तोही खिंडीपर्यंत पळत जाऊन, गावात कॉल लागला. तेव्हापासून माझा फोन, केबल आणि एक कोरडा सुती रुमाल जिपलॉकच्या एका पिशवीत असतात, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. फोटो काढायला दुसरा, जुना फोन. एमजी रोडवर चार्जिंगच्या छिद्राला बसणारं रबरी बूच मिळतं. चिल्लर वस्तू, पण घ्याच.

पॅनिक बटणाचंही पाहून ठेवा. २०१७पासून विकल्या गेलेल्या फोनांत ही सोय सक्तीची आहे: कीपॅड फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ दाबायचं. किती वेळा ते आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये घरीच बघा. खिशात चुकून दाबलं गेलं तर उलटा फोन येतो. तो घ्या आणि चूक झाली म्हणून सांगा. फोन घाबरून कापला तर तिकडचा माणूस तुम्ही संकटातच आहात असं धरून चालतो.

चौथी पायरी: काय सांगायचं

कॉल तुटतो. एसएमएस मात्र रेंजची दोन सेकंदांची फट मिळाली तरी निघून जातो. म्हणून मेसेज आधी लिहा, मग धारेवर चढा. उलटं करू नका. वाऱ्यात, थरथरत्या बोटांनी टाइप करताना "पाय मोडला"चं काय काय होतं ते मी पाहिलं आहे.

मेसेजमध्ये इतकं हवं: कुठे आहोत (आकड्यांत आणि शब्दांत), काय झालं, जखमी चालू शकतो की नाही, एकूण किती जण, फोनमध्ये किती बॅटरी, आणि पुढचा फोन कधी चालू करणार. "चालू शकतो की नाही" यावर सगळं ठरतं. चालू शकत असेल तर दोन माणसं आधाराला पुरतात. नसेल तर झोळी, आणि खांदे बदलायला बारा-पंधरा जण, तेही अंधार पडायच्या आत जमवायचे.

ठिकाणाचे आकडे नकाशाच्या ॲपमध्ये बोट दाबून धरलं की दिसतात. दशांशानंतर निदान चार आकडे द्या. तिसऱ्या आकड्याला साधारण शंभर मीटरचा फरक पडतो, चौथ्याला दहा. आणि ते वाचून दाखवताना "अंश, मिनिटं" हे शब्द तोंडातून काढू नका, "दशांश चिन्ह" म्हणा. धोडप साधारण २०.३९ उत्तर अक्षांशावर आहे. समोरच्याने ते २० अंश ३९ मिनिटं असं लिहून घेतलं तर ते होतात २०.६५, आणि तुम्हाला शोधायला माणसं जवळजवळ २९ किलोमीटर उत्तरेला, बागलाणात जातील. आकड्यांबरोबर शब्दही द्या: "हट्टीच्या वाटेवर, माचीच्या खाली, ओढा डाव्या हाताला." गावकऱ्यांना अक्षांशापेक्षा ओढा लवकर कळतो.

पाचवी पायरी: वॉकीटॉकी, असेल तर

मोठा गट असेल तर पुढचा आणि मागचा यांच्याकडे एकेक असावा. त्याचं काम एवढंच. लोकांचा समज असतो की वॉकीटॉकीवर ओरडलं की कुणीतरी ऐकतं. कुणी ऐकत नाही. तुमच्या जोडीदाराशिवाय त्या चॅनेलवर कुणी बसलेलं नसतं.

भारतात विनापरवाना वापरता येतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधला, अर्ध्या वॅटचा, अँटेना न निघणारा संच. २०१८च्या नियमांनी ही मुभा मिळाली. खोक्यावर "१० किमी" लिहिलेलं असेल, तिकडे दुर्लक्ष करा. उघड्या पठारावर दोन-तीन किलोमीटर, कारवीच्या रानात काहीशे मीटर, आणि मध्ये डोंगराचा दांड आला की शून्य. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पाच वॅटचे लांब अँटेनाचे संच वेगळे. ते हौशी रेडिओवाल्यांचे, आणि त्यांना परीक्षा देऊन दूरसंचार खात्याचा परवाना काढावा लागतो. हा छंद फार छान आहे, जरूर लावून घ्या, पण परवाना आधी, संच नंतर. देवळालीच्या बाजूच्या टेकड्यांवर तर कुठलाच रेडिओ काढून मिरवू नका. तोफखान्याचं ते केंद्र आहे आणि तिथे गोळाबाराची रेंज, म्हणजे खरीखुरी रेंज, आहे.

बोलायची पद्धत: बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. नवखे दाबायच्या आधीच बोलायला लागतात आणि "थांबू नका"तलं "थांबू" गिळलं जातं, किंवा बटण लवकर सोडलं तर "नका" सुटतं. म्हणून नकाराची वाक्यं टाळा. "चालत राहा", "जागेवर उभे राहा", असं सरळ.

सहावी पायरी: शिट्टी आणि टॉर्च

यांना बॅटरी कमी लागते किंवा लागतच नाही, म्हणून ही शेवटपर्यंत साथ देतात. बऱ्याच सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याच्या बकलातच बारीक शिट्टी असते. आत्ता उठून बघा, तुमच्या सॅकलाही असेल. तरी जोरकस आवाजाची वेगळी शिट्टी गळ्यात घाला. सॅकमध्ये ठेवली आणि सॅकच खाली दरीत गेली तर?

जगभरच्या डोंगरांत चालणारी खूण अशी: एका मिनिटात सहा वेळा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक शिट्टी, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. रात्री हेच टॉर्चने. ऐकणारा मिनिटाला तीन वेळा उत्तर देतो. मधला गप्प मिनिट सोडू नका. उत्तर त्यातच ऐकू येतं. गंमत म्हणून शिट्ट्या मारणाऱ्या गटांमुळे आपल्याकडे शिट्टीची किंमत गेली आहे, हे माझं जुनं दुखणं. आणि कड्याला आग्या माश्यांची पोळी दिसत असतील तर तिथे शिट्टीही नको, आरडाओरडाही नको.

प्रत्यक्ष काही घडलं तर

आधी सगळे बसा. पाणी प्या. जखमीला कोरडं आणि गरम ठेवा. मग मेसेज लिहा आणि दोघांना धारेवर पाठवा, एकट्याला कधीच नाही. एक जण जखमीजवळ थांबतोच. गटात तिघेच असाल तर आधी शिट्टीने प्रयत्न करा, निदान अर्धा तास.

पहिला कॉल किंवा मेसेज पायथ्याच्या गावातल्या नंबरला, दुसरा ११२ला, तिसरा चिठ्ठीवाल्याला. तो घरी बसून, भरलेल्या बॅटरीवर, बाकीचे सगळे फोन करेल: गिर्यारोहण संस्थांना, महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या हेल्पलाइनला. तिचा सध्याचा नंबर शोधून, तपासून चिठ्ठीतच लिहून ठेवा. तुमची बॅटरी नातेवाइकांच्या "काय झालं, कसं झालं"वर उडवू नका. ठरल्या वेळी, समजा दर तासाच्या ठोक्याला, पाच मिनिटं फोन चालू करा आणि पुन्हा बंद. एकदा जागा कळवली की हलू नका. हलावंच लागलं तर दगडाखाली कागद ठेवून जा, कुठे आणि किती वाजता गेलो ते लिहून.

शेवटची पायरी, जी सगळे विसरतात

परत गावात आलात की भाकरीला हात लावण्याआधी चिठ्ठीवाल्याला फोन करा. मी एकदा विसरलो. आंजनेरीहून उतरून, गाडीत झोपून, घरी येऊन आंघोळ करून, फोन चार्जिंगला लावून साडेनऊला उघडला तर चौदा मिस्ड कॉल. माझ्या मित्राने चिठ्ठीत लिहिलं होतं तसंच, तंतोतंत केलं होतं. पायथ्याचे काका दोन पोरांना घेऊन, टॉर्च पेटवून, पावसात निम्मी वाट चढून गेले होते. ते साडेदहाला खाली आले तेव्हा कुठे माझा फोन त्यांना लागला. काका एवढंच म्हणाले, "आलात ना घरी? मग झालं." पुढच्या रविवारी मी पेढे घेऊन गेलो, पण त्या पोरांच्या पायांवरचे काटेरी ओरखडे पाहून पुडा पुढे करायचा धीर होईना.